परके मासे आणि डीएनए बारकोडिंग: सातारा-सांगलीत काम करणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कृष्णा, कोयना, वारणा, येरळा आणि त्यांच्यावरची धरणं, तलाव, शेततळी इथले मासे गोळा करून त्यांची जात पक्की करू पाहणाऱ्यांसाठी हे पान आहे. म्हणजे महाविद्यालयातले विद्यार्थी-शिक्षक, मच्छीमार संस्था, गळ टाकणारे हौशी, आणि जाळ्यात भलताच मासा आला म्हणून चौकशी करणारे.

डीएनए बारकोडिंग म्हणजे नेमकं काय करतात?

प्रत्येक पेशीतल्या मायटोकाँड्रियात सीओआय नावाचं एक जनुक असतं. त्याचा सुरुवातीचा साधारण ६५० अक्षरांचा तुकडा वाचायचा आणि आधी ओळख पक्की झालेल्या माशांच्या तुकड्यांशी ताडून पाहायचा, एवढंच. कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठातल्या पॉल हेबर्ट यांनी २००३ मध्ये ही कल्पना मांडली. २००५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या माशांच्या २०७ जातींवर ती तपासली गेली, तेव्हा एकाच जातीच्या माशांत सरासरी ०.३९ टक्के फरक दिसला आणि एकाच वंशातल्या (जीनसमधल्या) दोन वेगळ्या जातींत ९.९३ टक्के. या दोन आकड्यांमधल्या दरीवर हे सगळं तंत्र उभं आहे. जिथे ही दरी बुजते तिथे बारकोड गप्प बसतो. अशी ठिकाणं आपल्याकडेही आहेत, त्यांच्याबद्दल पुढे.

मासा परका आहे की देशी, हे बारकोड सांगतो का?

नाही. बारकोड फक्त नाव सांगतो. त्या नावाचा मासा इथला की बाहेरचा, हे नदीचा इतिहास आणि जुन्या नोंदी सांगतात.

कटल्याचं उदाहरण घ्या. मिरजेच्या बाजारातल्या कटल्याचा बारकोड केला तर उत्तर 'कटला' येईल आणि ते शंभर टक्के बरोबर असेल. पण कटला, रोहू, मृगळ हे तिन्ही मुळात गंगेच्या खोऱ्यातले मासे. कृष्णेत आणि आपल्या धरणांत ते बीज सोडून आणलेले आहेत. भारतातलेच, तरीही या नदीला परके. उलटी गंमत महाशीरची. टोर खुद्री हा आपल्या कृष्णा खोऱ्यातला मासा. लोणावळ्यात त्याची पैदास करून त्याचं बीज कावेरीत सोडलं गेलं आणि तिथल्या कुबडाच्या महाशीरला तो डोईजड झाला. म्हणजे एकच बारकोड कोयनेत 'घरचा' आणि कावेरीत 'घुसखोर'. म्हणून अहवालात दोन वेगळी वाक्यं लिहा: जात कोणती, हे बारकोडवरून, आणि ती इथे परकी का, हे कोणत्या नोंदीवरून. ही दोन वाक्यं एकात कोंबली की सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

आपल्या पाण्यात कोणते परके मासे अपेक्षित धरायचे?

चिलापी, म्हणजे तिलापिया, तर सगळ्यांच्या ओळखीची. मोझांबिक तिलापिया भारतात १९५२ मध्ये आली, नाईल तिलापिया नंतर. सायप्रिनसचा (कॉमन कार्पचा) एक वाण १९३९ मध्ये श्रीलंकेतून निलगिरीत आला, दुसरा १९५७ मध्ये बँकॉकहून. गवत्या (ग्रास कार्प) आणि चंदेरा (सिल्व्हर कार्प) १९५९ चे. गम्बुझिया १९२८ पासून डास खाण्यासाठी सोडतात. गप्पी आजही गावोगावच्या डबक्यांत, हौदांत सोडले जातात, आणि बहुतेक जण गम्बुझियालाही गप्पीच म्हणतात. मत्स्यशेतीतून आलेले पंगस, रूपचंद आणि थाई मांगूर आहेतच. काचेच्या टाकीतून ओढ्यात फेकलेला सकर हा सगळ्यात अलीकडचा पाहुणा.

हे मासे पसरतात कसे, तेही लक्षात ठेवा, कारण नमुने कुठे घ्यायचे ते त्यावर ठरतं. २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरांत नदीकाठची तळी नदीत मिसळली. तळ्यात पाळलेलं ते नदीत गेलं. ताकारी, टेंभू, म्हैसाळ या उपसा योजना कृष्णेचं पाणी खानापूर, आटपाडी, कवठे महांकाळ, जतकडे नेतात. पंपातून मोठा मासा जिवंत जाणार नाही, पण अंडी आणि पिल्लं जाऊ शकतात. त्यामुळे पूर्व भागातल्या एखाद्या तलावात काही नवं सापडलं, तर कालव्याच्या वरच्या टोकाचेही नमुने घ्या.

चिलापी तर डोळ्यांनीच कळते. मग बारकोड कशाला?

मोठी, ताजी, धडधाकट चिलापी असेल तर 'चिलापी' एवढं ओळखायला बारकोड लागत नाही. नाईल तिलापियाच्या शेपटीच्या परावर स्पष्ट उभे पट्टे असतात. मोझांबिकला ते नसतात. बारकोडचा उपयोग डोळे हरतात तिथे: बोटभर लांबीची पिल्लं, अंडी, दुसऱ्या माशाच्या पोटातला अर्धवट पचलेला मासा, डोकं-शेपूट काढलेले तुकडे, आणि 'देशी मांगूर' म्हणून विकला जाणारा मांगूर.

रूपचंद आणि पिरानाचा वाद तर बारकोडशिवायच मिटतो. तोंड उघडून बघा. रूपचंदचे दात माणसाच्या दाढांसारखे सपाट, पिरानाचे त्रिकोणी आणि धारदार. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या 'नदीत पिराना' छाप फोटोंपैकी कित्येक रूपचंदचेच असतात. पैसे तिथे घालवू नका.

नमुना कसा घ्यायचा?

बारकोडिंगची चूक प्रयोगशाळेत होते असं सगळ्यांना वाटतं. ती बहुतेक वेळा नदीकाठी होते. क्रम असा ठेवा.

आधी फोटो. मासा ओला करून, डोकं डावीकडे ठेवून, शेजारी पट्टी आणि क्रमांकाची चिठ्ठी ठेवून डाव्या बाजूचा फोटो घ्या. पर पिनांनी पसरवलेले हवेत. मग एकूण लांबी, वजन, ठिकाणाचे जीपीएस अंश, तारीख, जाळ्याचा प्रकार, आणि पकडणाऱ्याने सांगितलेलं स्थानिक नाव लिहा. हे शेवटचं टाळू नका. सायक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ मध्ये दख्खनच्या माशांची यादी केली, तेव्हा खुद्री, कोलुस, मुल्या, पोटैल ही नावं त्याने इथल्याच लोकांच्या तोंडून उचलली, आणि ती आजही शास्त्रीय नावांत आहेत.

मग ऊतक. उजव्या बाजूच्या छातीच्या पराचा तुकडा कापा, म्हणजे फोटोची डावी बाजू शाबूत राहते. साधारण २५ मिलिग्रॅम, म्हणजे तांदळाच्या एखाद्या मोठ्या दाण्याएवढा तुकडा पुरतो. जास्त घातल्याने जास्त डीएनए मिळत नाही, उलट पीसीआर, म्हणजे डीएनएच्या असंख्य प्रती काढण्याची यंत्रावरची पायरी, अडते. मांगूरचं काळं कातडं घेऊ नका. त्यातलं मेलॅनिन पीसीआरच्या एन्झाइमला अडवतं. त्याऐवजी कातडी बाजूला करून आतल्या पांढऱ्या मांसाचा तुकडा घ्या.

तुकडा २ मिलिलिटरच्या झाकणबंद नळीत, त्याच्या आकारमानाच्या निदान दहापट ९५ ते १०० टक्के इथेनॉलमध्ये बुडवा. २४ तासांनी ते स्पिरिट ओतून नवं भरा, कारण माशातलं पाणी सुटून पहिलं पातळ होतं. नंतर फ्रीजमध्ये, जमल्यास उणे २० अंशांवर.

चिठ्ठी नळीच्या आत, जाड कागदावर, पेन्सिलने लिहिलेली. बॉलपेन आणि मार्करची शाई स्पिरिटमध्ये तासाभरात फिकट निळी होऊन पसरते. आठवड्याने चाळीस नळ्या हातात असतात आणि चाळीसही कोऱ्या. बाहेरच्या झाकणावरही क्रमांक लिहा, पण त्याच्या भरवशावर राहू नका.

दोन माशांच्या मध्ये कात्री आणि चिमटा १० टक्के ब्लीचच्या पाण्यात पाच-दहा मिनिटं, मग स्वच्छ पाण्यात, मग कोरडं. दोन-तीन जोड्या असल्या की वेळ जात नाही. ब्लीच धुऊन काढायला विसरलात तर तेच ब्लीच पुढच्या नमुन्याचा डीएनए खाईल.

उरलेला मासा टाकून देऊ नका. पर कापून झाल्यावर तो १० टक्के फॉर्मेलिनमध्ये ठेवा. मोठा असेल तर पोटात सुईने फॉर्मेलिन टोचा. आठवड्याने धुऊन ७० टक्के अल्कोहोलमध्ये. हा मासा म्हणजे पुरावा. उद्या कोणी विचारलं, 'हा खरंच गॅरिपिनस (थाई मांगूर) होता का', तर दाखवायला हाच. ऊतक घेण्याआधी मासा फॉर्मेलिनमध्ये गेला तर मात्र बारकोड जवळपास गेलाच म्हणा; फॉर्मेलिन डीएनएला बांधून तुकडे तुकडे करतं.

इतके साखर कारखाने आहेत, त्यांचं स्पिरिट चालेल का?

हा प्रश्न आपल्याच भागात येतो आणि बरोबरच आहे. पण रंगकामाचं किंवा दुकानातलं डिनेचर्ड स्पिरिट वापरू नका. पिऊ नये म्हणून त्यात मिसळलेली द्रव्यं पुढच्या पायऱ्यांत त्रास देऊ शकतात, आणि त्यात पाणी किती हेही पक्कं नसतं. हँड सॅनिटायझर तर बिलकूल नको. त्यातला जेल नळीतून निघत नाही. रेक्टिफाइड स्पिरिट साधारण ९५ टक्के असतं, ते चालतं. प्रयोगशाळेसाठीचं ॲब्सोल्यूट अल्कोहोल सर्वांत चांगलं. दोन्हींसाठी उत्पादन शुल्क विभागाचे नियम आहेत, त्यामुळे महाविद्यालयाच्या भांडारामार्फत घेणंच सोयीचं. काहीच नसेल तर तुकडा कोरड्या मिठात पूर्ण बुडवून ठेवा. खारवलेल्या माशातूनही डीएनए निघतो. ओला तुकडा प्लॅस्टिकच्या पिशवीत गरम डिकीत, हे मात्र कधीच नको.

परवानगी कोणाची लागते?

नदीत स्वतः मासे पकडणार असाल तर जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयाला कळवा. तलाव ज्या मच्छीमार संस्थेकडे आहे तिची संमती घ्या. खरं तर त्यांच्याच जाळ्यातून मासे विकत घेणं सगळ्यात सरळ. शिवसागर (कोयनेचा जलाशय) आणि चांदोलीचा बराच भाग सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येतो. तिथे वन विभागाच्या लेखी परवानगीशिवाय एकही पर कापू नका. ऊतक किंवा डीएनए परदेशी पाठवायचा असेल तर जैवविविधता कायदा, २००२ आडवा येतो. भारतातल्याच प्रयोगशाळेत वाचून घ्या.

डीएनए काढायला महागडं किट लागतंच का?

पाच-पन्नास नमुन्यांसाठी कॉलम किट बरं. ऊतक १८० मायक्रोलिटर लायसिस बफर आणि २० मायक्रोलिटर प्रोटिनेज-के मध्ये ५६ अंशांवर दोन-तीन तास, किंवा रात्रभर. ऊतक दिसेनासं होईपर्यंत थांबा. घाई केली की कॉलम तुंबतो. त्याआधी तुकडा टिपकागदावर ठेवून स्पिरिट पूर्ण उडू द्या.

स्वस्तातला मार्ग कॉस्टिक सोड्याचा. २-३ मिलिमीटरचा पराचा तुकडा ५० मिलिमोलर सोडियम हायड्रॉक्साइडच्या १०० मायक्रोलिटरमध्ये ९५ अंशांवर २० मिनिटं, थंड करून त्यात १ मोलर, पीएच ८ चं ट्रिस १० मायक्रोलिटर, थोडं फिरवून वरचं पाणी पीसीआरला. तासाभरात काम होतं. तोटा इतकाच की हा डीएनए फार टिकत नाही, म्हणून उरलेलं ऊतक जपून ठेवा.

पीसीआरचं माप काय?

प्राइमर म्हणजे हव्या तुकड्याच्या दोन टोकांना चिकटणारे डीएनएचे छोटे तुकडे. माशांसाठी फिशएफ-१ आणि फिशआर-१ ही प्राइमरची जोडी सगळ्यांत जास्त वापरली जाते. २५ मायक्रोलिटरच्या एका नळीत: दुप्पट संहतीचं तयार मास्टर मिक्स १२.५, दोन्ही प्राइमर १० मायक्रोमोलरचे प्रत्येकी ०.५, पाणी १०, डीएनए १.५.

२० नमुने असतील तर त्यात एक रिकामी नळी आणि एक खात्रीचा डीएनए धरून २२ होतात, आणि पिपेटमध्ये राहणाऱ्या थेंबांसाठी २ जास्त. म्हणजे २४ चं मिश्रण करा: मास्टर मिक्स ३००, प्राइमर १२ आणि १२, पाणी २४०. प्रत्येक नळीत २३.५ घालून शेवटी डीएनए. रिकाम्या नळीत डीएनएऐवजी पाणी.

यंत्रावर: ९५ अंशांवर २ मिनिटं, मग ९४ अंशांवर ३० सेकंद, ५४ वर ३० सेकंद, ७२ वर १ मिनिट, अशा ३५ फेऱ्या, शेवटी ७२ वर १० मिनिटं. वीज जाण्याची शक्यता असलेल्या वेळी यूपीएसशिवाय यंत्र लावू नका. मधेच बंद पडलेल्या नळ्या पुन्हा चालवून बघण्यात वेळ जातो आणि निकालावर विश्वासही बसत नाही.

दीड टक्के ॲगरोज जेलवर पट्टी ७०० अक्षरांच्या आसपास दिसली पाहिजे, कारण ६५५ च्या तुकड्याला दोन्ही टोकांचे २६-२६ अक्षरांचे प्राइमर चिकटलेले असतात.

जेलवर पट्टीच दिसत नाही.

खात्रीच्या डीएनएचीही पट्टी नसेल तर दोष मिश्रणात किंवा यंत्रात आहे. माशांना बोल लावू नका. खात्रीची आली आणि बाकीच्या नाहीत, तर आधी डीएनए दहापट पातळ करून लावा. ऐकायला उलटं वाटतं, पण बहुतेकदा डीएनए कमी नसतो, त्याच्यासोबत आलेला कचरा जास्त असतो. पातळ केल्यावर तो कचराही पातळ होतो. तरीही नाही, तर जोडणीचं तापमान ५४ वरून ५० वर आणा. फक्त मिशीवाले मासेच अडत असतील तर दुसरी जोडी, फिशएफ-२ आणि फिशआर-२, वापरून पाहा.

रिकाम्या नळीत पट्टी दिसली तर? सगळी खेप टाकून द्या. 'फिकट आहे, चालून जाईल' हे वाक्य इथे चालत नाही. पाणी, प्राइमर आणि मास्टर मिक्सच्या नव्या छोट्या वाटण्या करा. पीसीआर झालेल्या नळ्या ज्या टेबलावर उघडता, तिथे नवं मिश्रण कधी बनवू नका.

सिक्वेन्सच्या फाइली आल्या. आता?

सिक्वेन्स म्हणजे तुकड्यातली वाचलेली अक्षरं; ती दोन्ही बाजूंनी वाचून घेतलेली असावीत. टोकाला जादा अक्षरांची शेपटी जोडलेले प्राइमर वापरले असतील तर वाचणाऱ्या प्रयोगशाळेला ते आधी सांगा, नाहीतर चुकीचा प्राइमर लागून कोरी फाइल येते. आलेख, म्हणजे प्रत्येक अक्षराचं शिखर दाखवणारी फाइल, स्वतः उघडून बघा. सुरुवातीची ३०-५० अक्षरं गिचमिड असतातच, ती आणि प्राइमरचा भाग कापा. दोन्ही वाचनं एकमेकांवर बसवा, जिथे पटत नाहीत तिथे आलेख बघून निर्णय घ्या.

मग एक परीक्षा, जी पुष्कळ जण विसरतात. तुकड्याचं प्रथिनात भाषांतर करा, पण पृष्ठवंशीयांच्या मायटोकाँड्रियाची संकेतसूची निवडून. साधी सूची निवडलीत तर टीजीए जिथे जिथे येतं तिथे 'थांबा'चा संकेत दिसेल आणि चांगला सिक्वेन्स वाया गेल्यासारखा वाटेल. योग्य सूची लावूनही मध्ये थांबा आला, किंवा एखादं अक्षर जास्त-कमी झालं, तर एकतर वाचनात चूक आहे, नाहीतर केंद्रकात जाऊन पडलेली सीओआयची मेलेली नक्कल तुम्ही वाचली आहे. आलेखात ठिकठिकाणी एकावर एक दोन शिखरं दिसली तरी हाच संशय घ्या, किंवा दोन माशांची सरमिसळ.

जेनबँकेत ९९ टक्के जुळलं. काम झालं का?

निम्मं. जेनबँक हा सिक्वेन्सचा खुला कोश आहे. तिथे आधी जुळलेली लांबी बघा. २०० अक्षरांत ९९ टक्के आणि ६५० अक्षरांत ९९ टक्के यांत खूप अंतर आहे. साधारणपणे ९८ टक्क्यांच्या वर आणि पूर्ण लांबीवर जुळलं तर पुढे जायला हरकत नाही. मग पहिल्या नावावर न थांबता पहिल्या वीस नोंदी वाचा. सगळ्या एकच नाव सांगत असतील, वेगवेगळ्या देशांतून, वेगवेगळ्या लोकांनी भरलेल्या असतील तर उत्तर भक्कम. दोन-तीन नावं मिसळलेली असतील तर कोणीतरी चुकलं आहे, आणि ते तुम्ही नसालच असं नाही.

मांगूर हा याचा सगळ्यात कडू धडा. भारतातल्या देशी मांगूरला कित्येक वर्षं क्लेरियस बॅट्राकस म्हटलं गेलं. ते नाव मुळात जावाच्या माशाचं. आपला तो क्लेरियस मागुर. जुन्या नोंदींत अजून बॅट्राकसच लिहिलेलं सापडतं, आणि त्यातल्या काही नोंदींमागचा मासा तर चक्क आफ्रिकेतला गॅरिपिनस, म्हणजेच आपण ज्याला थाई मांगूर म्हणतो तो. या माशाच्या पैदाशीवर भारतात २००० पासून बंदी आहे. तुमचा नमुना जेनबँकेत 'बॅट्राकस' निघाला म्हणून विक्रेत्याला निर्दोष ठरवलंत तर पंचाईत. अशा वेळी बोल्ड या बारकोडच्या कोशात जा. तिथे बऱ्याच नोंदींसोबत माशाचा फोटो, ठिकाण आणि तो कुठल्या संग्रहात ठेवला आहे हे दिसतं. फोटो नाही, संग्रह क्रमांक नाही, अशा नोंदीला मत देण्याचा हक्क कमी.

आणि ९३ टक्केच जुळलं तर? नवी जात सापडली म्हणून पेढे वाटू नका. सह्याद्रीतल्या ओढ्यांतल्या बऱ्याच छोट्या माशांच्या नोंदी कोशात अपुऱ्या आहेत. शक्यता हीच जास्त की तुमचा मासा जुनाच आहे, त्याचा बारकोड नवा.

संकर झालेला मासा बारकोडने ओळखता येतो?

इथे बारकोड अर्धा आंधळा आहे. मायटोकाँड्रिया आईकडूनच येतात. रोहूच्या मादीला कटल्याच्या नरापासून झालेलं पिल्लू बारकोडवर शुद्ध रोहू दिसेल. थायलंडमध्ये मॅक्रोसेफॅलस मांगूरची मादी आणि गॅरिपिनसचा नर यांचा संकर करतात. त्याचा बारकोड मॅक्रोसेफॅलसच सांगणार, बापाचा पत्ताच नाही. चिलापीत मोझांबिक आणि नाईल यांची सरमिसळ इतकी झालेली आहे, की बारकोड 'नाईल' म्हणतो आणि अंगावरच्या खुणा मधल्याच असतात.

सकरचं तर विचारूच नका. टेरिगोप्लिक्थिस पार्डॅलिस आणि डिसजंक्टिव्हस या दोन जाती पोटावरच्या ठिपक्या-रेषांवरून वेगळ्या करतात, पण त्यांचे बारकोड एकमेकांत मिसळतात आणि पोटावरच्या नक्षीचेही मधले नमुने मिळतात. अशा माशाला 'टेरिगोप्लिक्थिस, जात अनिश्चित' लिहिणं हीच प्रामाणिक नोंद.

संकराचा संशय असेल तर केंद्रकातलं एक जनुक, उदाहरणार्थ आरएजी-१ किंवा एस-७ चा इंट्रॉन, सोबत वाचा. त्यात आईबाप दोघांची अक्षरं एकावर एक दिसतात.

हॉटेलातला तळलेला मासा किंवा सुकटीवर चालेल?

चालतं, पण पूर्ण ६५० अक्षरं बहुधा मिळत नाहीत. उष्णतेने डीएनए तुटतो. १५०-२०० अक्षरांच्या छोट्या बारकोडचे प्राइमर वापरा. तुकडा मसाल्याखालून, हाडाजवळून घ्या. हळद-तिखटाचा रंग डीएनएसोबत उतरला तर पीसीआर अडतो, म्हणून आधी तुकडा दोनदा पाण्याने धुवा.

मासा न पकडता नुसत्या पाण्यावरून कळतं का?

कळू शकतं. मासे विष्ठा, चिकटा, खवले यांतून पाण्यात डीएनए सोडत असतात. निर्जंतुक बाटलीत १ लिटर पाणी घेऊन ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून ओढतात आणि गाळणी स्पिरिटमध्ये ठेवतात. त्याच दिवशी गाळा, तोवर बाटली बर्फात. यासाठी सीओआयपेक्षा १२एस जनुकाचा १७० अक्षरांच्या आसपासचा तुकडा जास्त चालतो. अडचण अशी, की १२एसच्या कोशात आपल्या देशी माशांच्या नोंदी सीओआयहून विरळ आहेत, त्यामुळे परका चटकन सापडतो आणि घरचाच निनावी राहतो.

जुलै-ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी गाळायला जाऊ नका. दोनशे मिलिलिटरमध्ये गाळणी तांबड्या मातीने लिंपून जाते. दिवाळीनंतर ते मेपर्यंतचा काळ बरा.

आणि एक फसगत. सांगलीत बाजाराच्या नाल्याच्या खालच्या अंगाला पाणी घेतलं तर पंगस, रूपचंद, अगदी बांगडा-सुरमईचाही डीएनए मिळेल. मासे धुतलेलं पाणी नदीत येतं, मासे नव्हे. बांगडा दिसला की समजायचं, या नमुन्यातले बाकीचे 'परके'ही संशयित. नाल्याच्या बराच वर, वेगवेगळ्या ठिकाणी नमुने घ्या आणि प्रत्येक फेरीला एक बाटली घरून आणलेल्या शुद्ध पाण्याची, तिथेच उघडून तिथेच गाळलेली. ती दूषित निघाली तर त्या दिवशीचं सगळंच.

एका जातीचे किती मासे घ्यावेत?

एका ठिकाणचे निदान तीन ते पाच. एकच घेतला आणि नळ्यांची अदलाबदल झाली तर कळायला मार्गच नाही. सिक्वेन्सिंगचा खर्च एका बाजूच्या वाचनाला काही शे रुपये. दोन्ही बाजू, रसायनं आणि वाया जाणाऱ्या खेपा धरूनच अंदाजपत्रक करा. वाया जातातच.

परका मासा निघाला. पुढे काय करायचं?

पहिलं म्हणजे जिवंत असेल तर परत पाण्यात सोडू नका, दुसऱ्या तळ्यातही नाही. दुसरं, फोटो, जीपीएस, पुराव्याचा मासा आणि सिक्वेन्स एकत्र करून मत्स्यव्यवसाय कार्यालयाला कळवा. पुराव्याचा मासा आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या केंद्राकडे किंवा विद्यापीठाच्या संग्रहात देता येतो का ते विचारा. घरच्या कपाटातल्या बरणीतलं स्पिरिट दोन उन्हाळ्यांत उडून जातं आणि मासा खारकेसारखा होतो. सिक्वेन्स बोल्डवर भरताना निदान ५०० अक्षरं, दोन्ही आलेखांच्या फाइली, प्राइमरची नावं आणि संग्रह क्रमांक द्या. स्थानिक नावाच्या रकान्यात 'चिलापी' लिहायला लाजू नका. पुढच्या वेळी कोणी म्हसवडच्या किंवा मायणीच्या तलावावर विचारपूस करेल, तेव्हा हेच नाव त्याच्या कानावर पडणार आहे.